‘बरं’पुढचा पूर्णविराम

“अक्षरं काय, कुणीही बघेल! विराम बघ, विराम!”

छापखान्यातल्या थोरल्या तपासनीसांचा हा आवाज वेलांटीकाकांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. थोरले केव्हाच गेले, यंत्रं भंगारात गेली, छापखान्याच्या जागी गाद्यांचं दुकान आलं, पण तो आवाज काही जागा सोडेना. यंत्रांच्या धडधडीवर मात करत थोरले सांगायचे, “माणूस शब्दात लपतो रे. पण विरामाशी आला की त्याला श्वास घ्यावाच लागतो. तिथं धरायचा!”

हे सगळं छपाईआधीची मुद्रितं तपासण्यापुरतं होतं. माणसांना ते लावायचं नाही, एवढं सांगायचं मात्र थोरल्यांकडून राहून गेलं असावं.

वेलांटीकाका हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते इमारतीनं ठेवलेलं. इमारतीच्या फोनवरच्या गटात कुणी ‘पाणि आले’ असं लिहिलं, की पाणी टाकीत चढायच्या आत काकांची दुरुस्ती चढायची. एक तारा (*), आणि ताऱ्याशेजारी ‘पाणी’. बाकी काही नाही. रागलोभ नाही, टोमणा नाही. वाटेतला दगड उचलून बाजूला ठेवावा, तसं निर्मळ मन. चौथ्या मजल्यावरच्याने एकदा लिहिलं, ‘आमचे वडिल वारले’. काकांनी आधी ‘वडील’ पाठवलं आणि मग हळहळ. चौथ्या मजल्यावरचा त्या दिवसापासून जिन्यात भेटला की भिंतीकडे बघत उतरतो. काकांना त्याचं कारण कळलेलं नाही. त्यांच्या मते शोकसुद्धा शुद्ध असावा.

काका निवृत्त झाले तेव्हा डोळे शाबूत होते आणि डोळ्यांना काम नव्हतं. तपासायला मुद्रितं नाहीत, मग गटच तपासू लागले. आणि तपासता तपासता एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला.

झालं असं, की पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाईंनी गटात विचारलं, ‘लिफ्ट बंद आहे का....’ काकांनी चष्मा वर सरकवला. तीन टिंबं असती तर गोष्ट वेगळी. तीन टिंबं म्हणजे माणूस विचारात आहे. चौथं टिंब कुठून आलं? लिफ्टसाठी कुणी चार टिंबं देत नाही. काका तडक खाली गेले, बेल वाजवली, आणि दार उघडलं तो ग्रंथपाल बाईंच्या दोन्ही डोळ्यांतून धारा! काका हळुवारपणे एवढंच म्हणाले, “मला कळलंय. बोला.”

बाईंनी नुकतेच डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, हे पुढे उघड झालं. पण तोवर काकांची कीर्ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाऊन आली होती.

मग काय विचारता! माणसं फोन घेऊन काकांकडे येऊ लागली. जणू नाडी दाखवायला आली आहेत. व्यायामशाळेतल्या मास्तराला त्याच्या होणाऱ्या बायकोनं नुसतं ‘हम्म’ पाठवलेलं. काकांनी त्यातले दोन म तपासले आणि म्हणाले, “पहिला म तुमचा आहे. दुसरा तिच्या आईचा.” मास्तर घाम पुसत गेला. नाच शिकवणाऱ्या बाईंच्या बहिणीनं ‘ये ना!!!’ असं लिहिलं होतं. काका म्हणाले, “एक उद्गारचिन्ह म्हणजे आनंद. तीन म्हणजे आत काहीतरी धुमसतंय.” बाईंनी लगेच बहिणीला फोन लावून विचारलं, “मनात काय राग आहे तो एकदा सांगून टाक.” बहिणीच्या मनात राग नव्हता. पण दोघींचं बोलणं संपेपर्यंत तो आला. काकांचं निदान असं थोड्या उशिराने का होईना, खरं ठरलं.

काकांची बायको हे सगळं भाजी निवडता निवडता बघत असे. ती एकदाच म्हणाली, “लोकांच्या घरात डोकावायला आधी खिडकी तरी लागायची.” काकांनी ते मनावर घेतलं नाही. पण एक सकाळ अशी आली, की त्यांना स्वतःच्याच घरात डोकावून बघावं लागलं.

काकांची एकुलती एक लेक शेजारच्या गावात राहायची. फिजिओथेरपिस्ट होती. पडलेल्यांना, दुखावलेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना धरून धरून पुन्हा चालायला शिकवायची. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. काका रोज सकाळी लेकीला लिहायचे, ‘सर्व क्षेम?’ आणि लेकीचं उत्तर यायचं, ‘बरं बाबा’. विरामचिन्ह नसायचं, आणि काका तारा टाकून स्वल्पविराम परत पाठवायचे. मायलेकी फोनवर बोलत, बापलेक लिहीत. अशी घरातली वाटणी होती.

त्या सकाळी उत्तर आलं: ‘बरं.’

काकांनी डोळे चोळले. ‘बाबा’ गेला होता आणि त्याच्या जागी टिंब आलं होतं. त्यांनी दोन बोटांनी पडदा ताणून मोठा केला. ते फोनवर बसलेलं चिलट नव्हे, हे फुंकर घालून पाहिलं. उडेना. पूर्णविरामच होता तो. काळा, गोल, गप्प.

“अगं ऐकलंस का,” ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, “लेकीचं काहीतरी बिनसलंय.”

“कोण म्हणतं?”

“तिचा पूर्णविराम म्हणतोय.”

“आत्ता बोलले की मी तिच्याशी. छान हसत होती.”

“हसत होती, हे तू सांगतेस. तोंडी पुरावा आम्ही धरत नाही.”

“मग काय धरता?”

“लेखी.”

बायकोनं कपाळावर हात मारला आणि नळ मोठा सोडला. त्यांच्या घरात चर्चा संपल्याची ती खूण होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘बरं.’ तिसऱ्या दिवशी ‘हो.’ फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून काका न्हाणीघरात नेऊ लागले. साबण डोळ्यांत जायचा, पण काका पिशवीतून बघत राहायचे. आणि मग त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, ती त्यांनी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

लेक उत्तर देऊ लागली, की फोनच्या माथ्यावर अक्षरं उमटायची: ‘लिहित आहे’. (यातला ‘हि’ दीर्घ हवा, हे काकांनी संबंधितांना कळवलं होतं. उत्तर आलेलं नाही.) तर ही अक्षरं उमटायची ती उमटलेलीच. चहा गार होईपर्यंत लेक लिहीत असायची. मग थांबायची. पुन्हा लिहायची. पुन्हा थांबायची. आणि एवढं सगळं लिहून काय यायचं? ‘बरं.’

डोंगराएवढं लिहिलेलं जायचं कुठं? काकांच्या आयुष्यात लिहिलेलं नाहीसं होण्याचा एकच मार्ग होता. कुणीतरी खोडल्याशिवाय ते जात नाही. मग लेकीचं कोण खोडतंय?

त्यांनी जावयाचा फोनवरचा फोटो उघडला. इतक्या वर्षांत तो कधी नीट पाहिला नव्हता. त्यात माणूस नव्हताच. एक अंधारी, खोल, चौकोनी विहीर होती. लिफ्ट जिच्यातून वरखाली होते ती. आणि टोकाला नखाएवढा ठिपका. जो माणूस स्वतःच्या जागी अशी खाई लावतो, तो आतून कसा असेल? जावयाचे जुने निरोप काढले. सगळीकडे अंगठा. वाढदिवसाच्या शुभेच्छांना अंगठा. ‘तुझ्या आईची तब्येत कशी आहे?’ यालाही अंगठा. अंगठा म्हणजे दार लावून घेणं, हे काकांनी अख्ख्या इमारतीला शिकवलं होतं. इतकी वर्षं आपल्याच तोंडावर दार लागत होतं, आणि आपण बाहेर उभं राहून लोकांची टिंबं मोजत होतो!

आता दुसऱ्याची नाडी बघणाऱ्याला स्वतःची दाखवायची वेळ आली, की तो कुणाकडे जातो? काका जिन्याखाली गेले. तिथं संध्याकाळी तिघं बसलेले असत. बसवरचे निवृत्त कंडक्टर, कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई. काकांनी कुणाचं नाव न घेता, “माझ्या ओळखीत एक मुलगी आहे,” अशी सुरुवात केली.

“काय झालं तुमच्या लेकीला?” तिघं एकदम म्हणाले.

काकांनी फोन पुढे केला. कंडक्टरांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि निकाल दिला, “भांडण! उघड आहे. ‘बरं’ म्हणजे काय? घंटी मारली. गाडी पुढे. तुम्ही सरळ त्यांच्या दारात जाऊन उतरा.”

“ड जीवनसत्त्व कमी आहे,” औषधवाला म्हणाला. त्याच्या मते माणसाची सगळी दुःखं उन्हात न बसल्याने होतात. “माणूस कोरडं लिहायला लागला की समजावं.”

“अहो, पण खोडतंय कोण?”

“ते ब,” औषधवाला म्हणाला.

शिवणवाल्या बाई दातात दोरा धरून ऐकत होत्या. दोरा तोडून त्या म्हणाल्या, “तिचं राहू दे काका. तुम्ही काय लिहिता ते दाखवा.” त्यांनी वाचलं. ‘सर्व क्षेम?’ खाली पुन्हा ‘सर्व क्षेम?’ आणि मधेमधे काकांचे तारे. “तुमचं वाक्य फार अंगाबरोबर बेतलेलं असतं हो. आत माया सोडत नाही तुम्ही.”

“माया?”

“शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो ना आम्ही, त्याला माया म्हणतात. माणूस जरा भरला, की उसवून सैल करता आलं पाहिजे. तुमच्या लिहिण्यात उसवायला जागाच नाही. जरा गबाळं लिहून बघा. कदाचित तीही सैल होईल.”

गबाळं! काकांना तो शब्द चिमटा काढल्यासारखा लागला. पण घरी आल्यावरही तो सुटेना. उलट त्याला पालवी फुटू लागली. खरंच की! रडताना कुणी वेलांटी बघत नाही. चुका करणारा माणूस मनापासून लिहीत असतो, हे तर त्यांनीच व्यायामशाळेच्या मास्तराला सांगितलं होतं. मग आपणही चुकलो, तर लेकीला कळेल, की आज बाबांचं मन उघडं आहे.

दुपारी बायको बँकेत गेली. काकांनी कवळी काढून वाटीत ठेवली, कारण कवळी लावून त्यांना अशुद्ध काही करवतच नव्हतं. फोन हाती घेतला, आणि आयुष्यातली पहिली जाणूनबुजून चूक करायला बसले.

सोपं नव्हतं ते. त्यांनी ‘तूला’ लिहिलं. फोननं गुपचूप ‘तुला’ केलं. काकांनी पुन्हा दीर्घ केलं. फोननं पुन्हा ऱ्हस्व केलं. एरवी अशा फोनची त्यांनी पाठ थोपटली असती. आज मात्र दोघांची चांगलीच जुंपली. अखेर घामाघूम होऊन काकांनी वाक्य उभं केलं: ‘तूला काहि आडचन आहे का मोकळे पणाने सांग’. शेवटी पूर्णविराम द्यायला बोट आपोआप गेलं, ते त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं, आणि निरोप सोडला.

सोडला आणि अंगावर शहारा आला. आपण लेकीसमोर उघडेवाघडे उभे आहोत, असं त्यांना वाटलं. ‘काहि’! ऱ्हस्व! थोरले तपासनीस असते तर चुकीचा खिळा काढावा तसं चिमट्यात धरून छापखान्याबाहेर काढलं असतं. शरमेनं काकांनी फोन बंद केला, कपाटात स्वेटरांच्या खाली खुपसला, पलंगावर आडवे झाले आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली.

तिकडे लेकीनं निरोप वाचला.

तिनं बाबांना फोन लावला. बंद. आईला लावला. आई रांगेत, पिशवीतला फोन पिशवीत वाजतोय. मग लेकीनं इमारतीच्या गटात लिहिलं. माहेर सुटलं तरी तिनं गट सोडला नव्हता. ‘कुणीतरी प्लीज बाबांना बघा त्यांनी तुला मधला तु दीर्घ लिहिलाय’.

दुसऱ्या कुठल्याही इमारतीत या वाक्याचा अर्थ कुणाला लागला नसता. या इमारतीत मात्र ते वाचताच दारं धडाधड उघडली.

“काकांनी? दीर्घ?” कंडक्टरांचा आवाज जिन्यात घुमला. “मग झटकाच आला असणार!”

“मेंदूला!” औषधवाला दुकान उघडं टाकून धावत आला. “पहिला तास महत्त्वाचा असतो. मी रुग्णवाहिका बोलावलीय.”

शिवणवाल्या बाईंकडे काकांच्या घराची जास्तीची किल्ली होती. सगळे आत शिरले, तो पलंगावर काका, नखशिखांत पांढऱ्या चादरीखाली. ग्रंथपाल बाईंच्या तोंडून किंकाळी फुटली. या वेळी डोळ्यांत औषध नव्हतं.

किंकाळीनं काका दचकून उठून बसले. दारात अख्खी इमारत. त्यांना आधी वाटलं, चूक सगळीकडे पसरली आणि लोक जाब विचारायला आले. ते म्हणाले, “मी मुद्दाम केलं.” पण कवळी वाटीत होती. बाहेर पडलं ते असं: “फी फुद्दाफ केफं.”

“जीभ गेली,” औषधवाला हळू आवाजात म्हणाला.

“फवफी!” काका वाटीकडे हात करून ओरडले. “फवफी द्या!”

“काय म्हणतायत?”

“फाशी द्या म्हणतायत. बोलू नका काका, ताण पडतो.”

काका वाटीकडे झेपावले. चौघांनी धरून त्यांना पुन्हा निजवलं. झेपावणं हे लक्षणच आहे, असं औषधवाल्याचं मत पडलं.

रुग्णवाहिकेतली दोन माणसं वर आली. काकांनी खुणेनं सांगितलं, मी चालत येतो. त्यातला एक म्हणाला, “पेशंट चालत आला, तर आम्ही कशाला आलो असं वरून विचारतात. आडवे व्हा.” स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. मग जिना. काका पट्ट्यांनी बांधलेले, पायजम्याची नाडी लोंबती, आणि पुढे कंडक्टर वाट करून देतायत, “पुढे सरका, पुढे सरका, कठड्याजवळ उभं राहू नका!” तिसऱ्या मजल्याच्या वळणावर चौथ्या मजल्यावरचा भेटला. तो आज भिंतीकडे वळला नाही. त्यानं काकांच्या पायाला हात लावला आणि डोळे पुसले. काकांनी मान फिरवली. एवढं मानहानीचं क्षमादान त्यांना कधी मिळालं नव्हतं.

रुग्णालयाच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “पेशंट शुद्धीत आहे का?”

“तोच तर घोटाळा झालाय हो,” कंडक्टर म्हणाले. “अशुद्ध लिहिलंय त्यांनी.”

त्या माणसानं कागदावर लिहिलं, ‘पेशंट अशुद्ध’. काकांनी ते स्ट्रेचरवरून उलटं वाचलं, आणि त्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला, की त्यांना तातडीनं आत घेतलं.

आत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हसायला सांगितलं. काकांना हसू येण्यासारखं काही दिसेना. तरी त्यांनी ओठ ताणले. हात वर करायला सांगितले, केले. एवढ्यात शिवणवाल्या बाई चिंधीत गुंडाळलेली कवळी घेऊन धापा टाकत पोचल्या. एवढ्या सगळ्या गर्दीत “वाटीतलं काहीतरी मागतायत” हे ओळखणाऱ्या त्या एकट्याच. काकांनी कवळी बसवली, घसा साफ केला आणि संपूर्ण शुद्ध स्वरात म्हणाले:

“डॉक्टर, मला काहीही झालेलं नाही. मी मुद्दाम चुकलो. माझ्या लेकीच्या पूर्णविरामाचा शोध घ्यायचा होता.”

डॉक्टर बाईंनी नर्सकडे पाहिलं. मग लिहून घेतलं, ‘असंबद्ध बोलतात.’

“असंबद्ध नाही हो! तिनं ‘बरं’ लिहिलं, आणि जावयाच्या फोटोत विहीर आहे.”

‘खूपच,’ डॉक्टर बाईंनी पुढे लिहिलं.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेऊ लागले. ठीक होता. तेवढ्यात काकांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं मोठ्या अक्षरांत पाटी होती: ‘रूग्णांनी घाबरु नये’. पहिला रु दीर्घ, दुसरा ऱ्हस्व, नेमकं उलटं. काकांनी दात आवळले. बोलायचं नाही. आज एक अक्षर बोलायचं नाही. यंत्रावरचा आकडा सरसर वर चढला.

“अहो, आत्ता एकदम काय झालं?” डॉक्टर बाई घाबरल्या.

“काही नाही,” काका डोळे मिटून म्हणाले. “माझा पलंग तेवढा फिरवा.”

पलंग फिरवला, आकडा उतरला. पण आता सुटका नव्हती. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. तरी मोठे डॉक्टर आल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाले. शिवाय खिडकीवाल्याचं वेगळंच होतं. पेशंट अशुद्ध म्हणून आत आलाय. तो शुद्ध कधी झाला, ते लिहायला त्याच्या कागदावर जागा नव्हती.

बायको आली ती बँकेच्या रांगेतून तशीच. तिनं काकांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग तिचा आवाज चढला. “चुकायची एवढी हौस होती, तर मला विचारायचं! मी रोजच्या दाखवल्या असत्या. फोन बंद का केलात?”

“लाज वाटली.”

“आणि आता?”

काकांचं लक्ष दाराकडे होतं. कारण दारात लेक उभी होती, आणि तिच्या मागे जावई.

जावई कामावरून तसाच आला होता. हाताला कोपरापर्यंत काळं वंगण, केस वाऱ्यानं उभे. तो पलंगाच्या पायथ्याशी बसला, हात चादरीला लागू नयेत म्हणून गुडघ्यांत धरून. काका त्याच्याकडे संशयानं बघत राहिले. शेवटी राहवेना.

“जावईबापू, एक विचारू? फोनवर तुम्ही स्वतःच्या जागी ती खाई का लावली आहे?”

“खाई?” जावयाला कळेना. मग त्यानं दोन बोटांच्या चिमटीत फोन काढला, फोटो उघडला. “हे होय? बाबा, हे वरून खाली नाही. खालून वर काढलंय. मी तळाशी उभा आहे. तो ठिपका म्हणजे गच्चीचं दार. हिनंच सांगितलं, छान आलाय, लाव म्हणून.”

काकांनी फोन उलटा धरून पाहिला. विहीर क्षणात उभी राहिली आणि तिच्या शेंड्याला आभाळ लागलं.

“आणि अंगठे?” ते क्षीण आवाजात म्हणाले.

“हाताला वंगण असतं हो. एकच बोट कसंबसं पुसलेलं असतं.” जावई ओशाळला. “आणि तुम्हाला लिहायचं म्हणजे… मी कधी तेवढा शिकलेलो नाही.”

मग सह्यांसाठी बोलावणं आलं. बायको आणि जावई खिडकीकडे गेले. इमारत बाहेर बाकांवर बसली होती. खोलीत बापलेक दोघंच उरले.

काका पाय खाली सोडून उतरू लागले. पलंग उंच होता. त्यांनी सवयीनं हात पुढे केला. आयुष्यभर ही मुलगी अशी, की कुणी खुर्चीतून उठताना दिसलं तरी तिचा हात आधी त्याच्या कोपराखाली जायचा, अनोळखी माणसाच्यासुद्धा. आज ती एक पाऊल मागे सरली. दोन्ही हात स्वेटरच्या खिशांत होते. आल्यापासून तिथंच होते. काकांचा हात हवेत राहिला.

या खुणेला कुठलं चिन्ह, ते काकांना ठाऊक नव्हतं. ते पुन्हा पलंगावर टेकले.

“बाबा,” ती म्हणाली, “ते ‘तूला’ वाचलं ना, तेव्हा आधी मला आनंद झाला.”

“आनंद?”

“म्हटलं, आज बाबांनी न तपासता लिहिलंय. आता मलाही न तपासता लिहिता येईल. लिहायला बसले, आणि मग एकदम डोक्यात आलं. बाबा, आणि दीर्घ?” ती हसली, हसणं मधेच तुटलं. “हातपाय गळाले माझे.”

“मग एरवी… तू लिहायचीस ते थांबायचं, परत सुरू व्हायचं. मी बघत असायचो. कोण खोडायचं ते?”

“मीच. दुसरं कोण खोडणार?”

“का?”

“तुम्ही एक तारा टाकाल म्हणून. मी एवढं सगळं सांगेन, आणि तुम्ही त्यातला एक शब्द उचलून परत पाठवाल. एरवी चाललं असतं, बाबा. हे सांगताना नसतं चाललं.” तिनं नाक ओढलं. “‘बरं’मध्ये चुकायला काही नाही. वर पूर्णविरामही देत होते. म्हटलं, निदान त्यानं तरी खूश व्हाल.”

काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्यांना एक फार सुंदर, नीट बांधलेलं वाक्य सुचलं होतं. ते त्यांनी गिळलं. बाहेर कंडक्टर कुणाला तरी रांगेत उभं करत होते. नर्सच्या ढकलगाडीचं चाक कुरकुरत लांब गेलं.

“काय लिहीत होतीस?” त्यांनी विचारलं.

तिनं खिशातले हात आणखी आत सारले. “आईलाही नाही सांगितलं. तिचा आवाज आला की मी हसायलाच लागते. नीट नाही सांगता येणार मला.”

“वेडंवाकडं सांग.”

तिनं खिशातून हात काढले. ते तिचेच आहेत का, असं त्यांच्याकडे पाहिलं.

“माझ्या हातनं एक आजी पडल्या, बाबा. म्हणजे धरलं होतं मी त्यांना, दोन्ही बाजूनी धरलं होतं. त्या भीत होत्या. मी म्हटलं, टाका पाऊल, मी आहे ना. तर त्यांनी टाकलं, माझ्यावर विश्वास टाकून टाकलं त्यांनी, आणि माझा हात सुटला. तेव्हापासनं कामावर जाते, खुर्चीत बसते, आणि मला कुणाला हातच लावता येत नाही.”

काकांनी त्यातलं एक अक्षर दुरुस्त केलं नाही, फक्त आपला हात पुन्हा पुढे केला.